मासा आजारी पडलाय? आधी बादली भरून ठेवा

डिसेंबर संपत आलेला. नागपुरात रात्रीचा पारा दहाच्या खाली. सकाळी स्वेटर चढवून टाकीचा दिवा लावला, तर कालपर्यंत ठणठणीत असलेल्या गोल्डफिशच्या शेपटीवर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे कण. मधूनच तो खडीला अंग घासतोय.

माझ्या पहिल्या दोन फुटी टाकीत हे झालं तेव्हा मी फोटो काढला आणि दुकान गाठलं. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली हातात ठेवली. "भाऊ, अंदाजाने टाकून द्या, काही नाही होत." माझा अंदाज अर्ध्या बाटलीचा निघाला. ठिपके चार दिवसांत गेले आणि आठव्या दिवसापर्यंत पाचातले तीन मासेही गेले. टाकीच्या कोपऱ्यांतलं सिलिकॉन आजही निळं आहे. औषधाने फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मेले, पाण्यात अमोनिया साठला आणि मासे त्यात गुदमरले, हे कळायला मला वर्ष लागलं. म्हणून या लेखात औषध बरंच उशिरा येतं. कितीही घाई वाटली तरी क्रम बदलू नका.

बादली

मासा बिनसलाय असं वाटताक्षणी एक स्वच्छ बादली नळाच्या पाण्याने भरून टाकीशेजारी ठेवा. साबण, सर्फ, फिनाईल कधीही न लागलेली बादली हवी. माशांसाठी वेगळीच घेऊन तिच्यावर मार्करने लिहून ठेवलेलं बरं, नाहीतर घरात कुणीतरी तिच्यात फरशीचं पोतेरं पिळतंच. त्यात एअरस्टोन (हवेच्या मोटरच्या नळीला लावायचा बुडबुडे सोडणारा दगड) सोडून चोवीस तास हवा खेळवली की क्लोरीन उडून जातं. तेवढा वेळ नसेल तर दुकानात मिळणारे अँटिक्लोरीनचे थेंब वापरा. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं, म्हणजे जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणायचे तेच. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, त्या दिवसांत हे थेंब घरात असलेले बरे.

बादली घरातच ठेवायची याला दुसरंही कारण आहे. आपल्याकडे स्लॅबवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी हात भाजेल इतकं तापतं आणि जानेवारीत पहाटे बोटं बधिर होतील इतकं गार. ते थेट माशांवर ओतलं तर आजारी मासा त्या धक्क्यानेच जाईल. रात्रभर खोलीत राहिलेलं पाणी टाकीच्या तापमानाजवळ येतं. बोअरचं पाणी शक्यतो टाळा. ते बहुतेक जड असतं. क्षार दाखवणारा पांढरा थर कूलरच्या जाळीवर बसतो ना, तेच पाणी ते.

अर्धा तास खुर्ची टाकून बसा

बादली भरत असताना टाकीसमोर बसा आणि दिवा लावून बघा. खाणं टाकू नका. चार गोष्टी वहीत लिहा: मासा कुठे आहे, वर, तळाशी की फिल्टरच्या तोंडाशी, कल्ले किती जोरात हलताहेत, पर पसरलेत की अंगाला चिकटलेत, आणि अंगावर काय दिसतंय. त्यासोबत एक प्रश्न स्वतःला विचारा, गेल्या दोन आठवड्यांत नवीन काय झालं? नवा मासा आणला? फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुतला? घरात रंगकाम झालं? डासांसाठी स्प्रे मारला?

शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबतो, कारण पावसाळ्यात तो हमखास निघतो. डासांच्या औषधांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात. माणसाला ती फारशी बाधत नाहीत, माशाला फार बाधतात. हवेची मोटर खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडते, म्हणजे स्प्रे मारलेल्या खोलीत ती मोटर विष पाण्यात ढकलत बसते. गल्लीत धुराची गाडी आली की खिडक्या बंद, टाकीवर ओला टॉवेल, मोटर वीसेक मिनिटं बंद. दिवाळीआधीच्या ऑइलपेंटच्या दिवसांतही टाकी दुसऱ्या खोलीत गेलेली बरी.

एकच मासा आजारी असेल तर बहुधा आजार. सगळे एकदम वर येऊन तोंड उघडत असतील तर पाणी. हा फरक अनुभवी माणूस पहिल्या मिनिटात करतो, तुम्हीही करू शकाल.

पाणी बदला, आजार कळो न कळो

टाकीतलं 30 ते 40 टक्के पाणी नळीने काढा, खडीतली घाण ओढत ओढत. सायफनची नळी तोंडाने ओढून चालू करू नका. माशांच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम जातीचे जिवाणू असू शकतात आणि हाताला जखम असेल तर तिथे बरी न होणारी गाठ उठते. जखम असेल तर ग्लोव्ह घाला. मग बादलीतलं पाणी हळूहळू टाका.

यामागचं शास्त्र थोडक्यात. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो, उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी विषारी नायट्रेट करतात. ही वस्ती जमायला नव्या टाकीत चार ते सहा आठवडे लागतात. नव्याने टाकी घेतलेल्यांचे मासे पहिल्या महिन्यात मरतात ते म्हणूनच. शिवाय अमोनियाचा खरा विषारी भाग पाणी जितकं अल्कलीकडे तितका जास्त: 25 अंशांना पीएच 7 असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच 8 झाला की पाच टक्क्यांच्या आसपास. टेस्ट किटने अमोनिया थोडाच दाखवला म्हणून निश्चिंत होऊ नका, पीएचही बघा. थेंबांचं किट कागदी पट्ट्यांपेक्षा भरवशाचं.

स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा दाबून घ्या. इतकंच.

पुष्कळदा गोष्ट इथेच संपते. दोन दिवस उपास, रोज थोडं पाणी बदल आणि मासा खायला वर येतो. निरोगी मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो, त्यामुळे आजीच्या "अरे, त्याने कालपासून काही खाल्लं नाही रे बाप्पा" याकडे तेवढं दुर्लक्ष करावं लागतं.

टाकी किती लिटरची, ते आधी काढा

मीठ असो की औषध, मात्रा लिटरवर असते आणि "दोन फुटी टाकी" हे काही माप नव्हे. लांबी, रुंदी, उंची इंचांत घेऊन गुणाकार करा, 61ने भागा. 24 बाय 12 बाय 12 म्हणजे 3456, भागिले 61, साधारण 57 लिटर. खडी, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की खरं पाणी 45च्या आसपास. हा आकडा टाकीच्या मागच्या काचेवर चिकटवून ठेवा.

वेगळा टब

एकाच माशाला जखम असेल, शेपटी झडत असेल, दुसरे मासे टोचत असतील, तर त्याला बाहेर काढा. 15-20 लिटरचा पारदर्शक प्लास्टिक टब पुरतो. त्यात खडी नको, झाडं नको. मोटरवर चालणारा छोटा स्पंज फिल्टर, लपायला मातीची उलटी कुंडी, आणि वर जाळीचं झाकण, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. पाणी मूळ टाकीतलंच घ्या. मासा जाळीने पकडलात तर खवले आणि अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तो थरच त्याचं चिलखत आहे. वाडगा पाण्यात बुडवून त्यात मासा हाकलून घ्या. टबला जिवाणूंची वस्ती नसते, म्हणून रोज 30 टक्के पाणी बदलावं लागेल. कंटाळवाणं काम आहे, पण बरे झालेले मासे बहुतेक याच कंटाळ्यातून बरे होतात.

पांढरे ठिपके

आता तो रवा. बहुतेक वेळा हा 'इक' नावाचा परजीवी असतो, इक्थिओप्थिरियस. थंडीत टाकीचं तापमान रात्रीतून पाच-सात अंश घसरलं की माशाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि हा डोकं वर काढतो. नागपुरात म्हणूनच हा डिसेंबर-जानेवारीचा पाहुणा. पण औषधाआधी एक खात्री करा. ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या काठावर ओळीने असतील, मासा मजेत असेल आणि गोल्डफिश असेल, तर तो वयात आलेला नर आहे. विणीच्या मोसमात नरांच्या अंगावर असे पांढरे बारीक दाणे येतात. माझ्या ओळखीच्या एकाने बिचाऱ्याला आठ दिवस औषधात बुडवून ठेवलं होतं.

खरा इक असेल तर ठिपके शेपटीसकट अंगभर विखुरलेले असतात. ठिपक्यातला परजीवी माशाच्या कातडीखाली असतो, तिथे औषध पोचत नाही. तो वाढतो, गळून खडीत पडतो, कोष करतो आणि त्यातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. ही पिल्लं पाण्यात पोहत असतानाच मारता येतात, आणि एक-दोन दिवसांत त्यांना मासा मिळाला नाही तर ती तशीही मरतात. 26 अंशांना हे सगळं चक्र पाच-सहा दिवसांत फिरतं, गार पाण्यात कित्येक आठवडे रेंगाळतं. म्हणून आपण पाणी गरम करतो, चक्र जोरात फिरवून पिल्लं लवकर बाहेर काढायला. आणि कोष खडीत असल्याने इथे मासा वेगळा काढून उपयोग नाही, उपचार अख्ख्या टाकीचा.

हीटर 45-50 लिटरला 50 वॅटचा पुरतो, खोली फारच गार असेल तर 75 किंवा 100. हीटर पूर्ण पाण्यात बुडाल्यावरच सुरू करा, आणि पाणी बदलताना आधी बटण बंद. काच उघडी पडली तर तडकते. दर दोन-तीन तासांनी एक अंश, असं करत 30वर आणा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30ला साडेसात. म्हणून मोटर पूर्ण जोरात.

सोबत खडे मीठ. किराणा दुकानातून 45-45 ग्रॅमच्या तीन पुड्या तोलून आणा, म्हणजे 45 लिटरला दर पुडीमागे लिटरला एक ग्रॅम. पहिली पुडी मगभर टाकीच्याच पाण्यात पूर्ण विरघळवून माशांपासून लांब कोपऱ्यात ओता. बारा तासांनी दुसरी, आणखी बारा तासांनी तिसरी. मीठ उडून जात नाही, हे विसरू नका: पाणी आटलं तर साधं पाणी भरा, पाणी बदललं तर बदललेल्या लिटरांपुरतंच मीठ घाला. टाकीत कोरीडोरास, लोच, काही टेट्रा असतील तर पहिल्या पुडीवर थांबा, त्यांना मीठ सोसत नाही. झाडं आणि गोगलगायीही कुरकुरतील.

ठिपके तीन-चार दिवसांत दिसेनासे होतील. तेव्हा हीटर बंद करण्याचा मोह होतो. शेवटचा ठिपका गेल्यापासून आणखी आठवडाभर तसंच चालू ठेवा. इतकं करूनही वाढतच गेलं, तरच बाटलीतलं औषध, तेही लेबलवरच्या मात्रेने, अंधारात, फिल्टरमधला कोळसा काढून ठेवून. कोळसा औषध शोषून घेतो आणि आपण "औषध खोटं निघालं" म्हणत बसतो. मॅलाकाइट ग्रीन असलेली बाटली हाताळताना ग्लोव्ह हवेतच. खाण्याच्या माशांसाठी ते बंद आहे ते उगीच नव्हे. मिथिलीन ब्लू, म्हणजे ते निळं औषध, फक्त टबात. मुख्य टाकीत ते घातल्यावर काय होतं ते वर सांगितलंच आहे.

बाकीचे नेहमीचे

शेपटी किंवा परांचे काठ फाटून पांढरट झाले असतील तर ते जिवाणूंमुळे कुजणं, आणि मुळाशी जवळजवळ नेहमी घाण पाणी. टब, लिटरला एक ग्रॅम मीठ, रोज पाणी बदल. आठ-दहा दिवसांत काठाला काचेसारखी पारदर्शक नवी वाढ दिसली की जिंकलात.

जखमेवर कापसाचा पुंजका उगवला असेल तर ती बुरशी. मिथिलीन ब्लू इथे कामाचं, टबात. पण तोंडाभोवती राखाडी-पांढरी साय असेल किंवा पाठीवर खोगीर ठेवल्यासारखा फिकट पट्टा असेल, तर तो कॉलम्नॅरिस, आणि तो जिवाणू आहे. दिसायला बुरशीसारखाच, चालीने फार वेगवान. याला गरम पाणी मानवतं. इथे हीटर वाढवलात तर आजारालाच मदत केलीत. तापमान हळूहळू 24-25वर आणा आणि त्याच दिवशी डॉक्टर शोधा.

गोल्डफिश एका कुशीवर तरंगतोय, पोट टम्म? तीन दिवस उपास, मग उकडून साल काढलेला मटार चिमटीत चुरडून. हिवाळ्यात नागपुरात मटार काय, पोत्याने मिळतो. यापुढे कोरड्या गोळ्या टाकायच्या आधी पाण्यात भिजवा. मात्र पोट फुगून खवले देवदाराच्या फळासारखे उभे राहिले असतील तर आतले अवयव निकामी होत आले आहेत, आणि बहुतेक मासे यातून उठत नाहीत. हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

अंगातून दोऱ्यासारखं काही लोंबत असेल तर तो अँकर वर्म. नव्या गोल्डफिश-कोईसोबत येतो. ओढून काढायला जाऊ नका, डोकं आत राहून जखम चिघळते.

हळद? आमच्याकडेही सुचवली गेली. पाणी गढूळ होतं, तळाशी थर बसतो, माशाला काही मिळत नाही. देशी बदामाचं पान मात्र टाकायला हरकत नाही. झाडावरून आपोआप गळलेलं, तपकिरी, कडकडीत वाळलेलं. पाणी चहासारखं होतं आणि फायटर माशांना ते मानवतं. औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

मे महिना

नागपूरचा पारा 45च्या पुढे गेला की इकची भीती जवळपास संपते आणि गुदमरण्याची सुरू होते. टाकी 34-35 अंशांवर, लाइट गेलेली, मोटर बंद: दोन तासांत मासे वर. बॅटरीवर चालणारी हवेची मोटर घेऊन ठेवा. ती नसेल तर मगने पाणी उचलून फूटभर वरून परत ओतत राहा, दर दहा मिनिटांनी पंधरा-वीस मग.

गार करायला बर्फ टाकू नका. झाकण काढून टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. आपला उन्हाळा कोरडा असल्याने पाणी भराभर उडतं आणि टाकी दोन-तीन अंशांनी उतरते. कूलर ज्या कारणाने चालतो त्याच कारणाने. जुलैच्या दमट हवेत हीच युक्ती फुकट जाते. उडालेलं पाणी रोज भरावं लागतं, आणि ते बोअरचं भरत गेलात तर महिन्याभरात टाकीतले क्षार वाढत जातात. पुन्हा तीच बादली.

पिवळी कॅप्सूल

"माणसांची टेट्रासायक्लिन फोडून टाका" हा सल्ला तुम्हाला मिळेलच. ती पाण्यातल्या कॅल्शियमला चिकटते, म्हणजे जड पाण्यात तिचा जोर बराचसा वाया जातो. उरलेला जोर फिल्टरच्या जिवाणूंवर पडतो. वर औषधाला दाद न देणारे जिवाणू तयार करून आपण ते गटारात सोडतो. प्रतिजैविक लागणारच असेल तर पशुवैद्यकाच्या चिठ्ठीने. या बाबतीत नागपूरकर तसे भाग्यवान: महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात आहे आणि तेलंगखेडीला मत्स्य विज्ञान महाविद्यालय. मासा हाच ज्यांचा विषय आहे अशी माणसं तिथे आहेत, विचारून पाहायला काय हरकत आहे? जाताना मासा पिशवीत घालून उन्हातून नेऊ नका. मिनिटभराचा व्हिडिओ, लिटरचा आकडा, तापमान, पीएच, आणि ती वही न्या.

नाहीच वाचला तर

खवले उभे राहिलेला, कुशीवर पडलेला, आठवडाभर न खाल्लेला मासा तडफडत ठेवू नये. लवंगाचं तेल केमिस्टकडे मिळतं. वाडग्यात टाकीचं एक लिटर पाणी घेऊन मासा त्यात ठेवा. छोट्या बाटलीत कोमट पाण्यात तेलाचे दहा थेंब घालून दुधासारखं होईपर्यंत हलवा आणि ते हळूहळू ओता. मासा आधी गुंगतो. कल्ले थांबल्यावरही अर्धा तास तसाच राहू द्या, मग कुंडीत पुरा. फ्लशमध्ये नको.

आणि वाचलेला पण नकोसा झालेला मासा फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडायचं पुण्य करू नका. काच चाटणारा सकर कॅट देशातल्या कित्येक तळ्यांत असाच पोचला आणि स्थानिक माशांच्या मुळावर उठला. त्याच्यासोबत तुमच्या टाकीतला आजारही जातो.

परत टाकीत

टबातला मासा सलग पाच दिवस नीट खातोय, पर पसरलेत, कल्ले शांत आहेत, तेव्हाच त्याला हलवा. आधी तीन-चार दिवस पाणी बदलताना मीठ न घालता टबाचं पाणी साधं करत आणा. मग वाडगा, मूळ टाकीचं पाणी थोडं थोडं त्यात, अर्ध्या तासाने वाडगा तिरका करून मासा आत. त्या रात्री दिवा बंद ठेवा, बाकीचे मासे त्याच्या मागे लागत नाहीत.

टब, नळी, जाळी, वाडगा धुऊन स्लॅबवर दोन दिवस उन्हात टाका. पूर्ण वाळलं की इकचा कोषही मरतो. एप्रिल-मेमध्ये दोन दिवस कशाला, दुपारी चारपर्यंतच काम होतं. फक्त टब सावलीत ओढायला विसरलात तर प्लास्टिक तडकतं, माझे दोन गेलेत.